कस्तुराबाईनं माघार घेतली नाही

हिंगणसूरच्या मारुतीच्या पारावर सकाळी नऊच्या सुमाराला दहा नावं वाचली गेली, आणि ग्रामपंचायतीची निवडणूक झाली असं गावानं धरलं. फॉर्म भरायला अजून आठ दिवस होते आणि मतदान तर महिन्यावर होतं. पण या गावात तीन खेपा असंच चाललं होतं. अण्णाराव खिशातून कागद काढायचे, नावं वाचायचे, माणसं टाळ्या वाजवायची, नारळ फुटायचा. सगळं बिनविरोध. "गावात एकी पाहिजे," असं अण्णाराव म्हणायचे, आणि एकी कशाला म्हणायचं तेही तेच ठरवायचे.

सरपंचाला त्यांनी आपल्या लेकाचं, रणधीरचं नाव वाचलं. त्यावर टाळ्या झाल्या. मग वॉर्ड नंबर तीनमधली बाईची जागा आली. तिथं त्यांनी रणधीरच्या बायकोचं, वैष्णवीचं नाव वाचलं. पुन्हा टाळ्या सुरू होणार, तेवढ्यात मागं बसलेल्या बायकांतून आवाज आला.

"अण्णा, ती पोरगी गावात ऱ्हाती का?"

विचारणारी कस्तुराबाई होती. स्टँडजवळच्या पिठाच्या गिरणीची मालकीण, वय पंचावन्न. विचारलं ते खोटं नव्हतं. वैष्णवी लेकरांच्या शाळेसाठी लातूरला राहायची, गावात जत्रेपुरती दिसायची. अण्णाराव चिडले मात्र नाहीत. ते हसले.

"कस्तुरे, तोंडाला पीठ लागलंय. आधी पुसून घे, मग बोल."

पार खदखदला. कस्तुराबाईचा हात पदराकडं गेला आणि अर्ध्यातच थांबला, कारण पुढच्या रांगेत तिला एक तोंड दिसलं. तिचा नवरा बब्रुवान. अण्णारावांच्या उजव्या हाताला बसून, मान मागं टाकून, तो सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसत होता.

पुढं गाव नाही नाही ते बोललं. कुणी म्हणालं तालुक्याच्या पुढाऱ्यानं तिला फूस दिली, कुणी म्हणालं बाईला म्हातारपणी पुढारपणाची हौस सुटली. पण गोष्ट एवढीच होती. नवरा हसला, आणि ती ते विसरली नाही.

कस्तुराबाई परंड्याकडची. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली ती थेट सासऱ्याच्या गिरणीत. बब्रुवानला गिरणीचा कंटाळा होता, त्याचा जीव ट्रॅक्टरवर. बाविसाव्या वर्षी तो अण्णारावांच्या ट्रॅक्टरवर चढला तो आजतागायत उतरला नव्हता. सासऱ्याला दम्यानं धरलं तशी गिरणी सुनेच्या गळ्यात आली. गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीनं टाके घालायला दुसऱ्या गावचा माणूस यायचा. एकदा तो आलाच नाही, तेव्हा हिनं स्वतः छिन्नी-हातोडी हातात घेतली. दोन दिवस बोटं ठेचून घेतली, तिसऱ्या दिवशी पट्टा चढवला. तेव्हापासून तो माणूस पुन्हा बोलावला नाही.

स्वभाव मात्र गोड म्हणावा असा कधीच नव्हता. कुणी ओली ज्वारी आणली तर डबा उंबऱ्यावरूनच परत. कुणी किडके गहू आणले तर त्याच्या घरादाराचा उद्धार. लोक तिच्याकडं यायचे ते पीठ चांगलं निघतं म्हणून, बाई चांगली म्हणून नव्हे. आणि तिलाही त्याची फिकीर नव्हती.

फॉर्म भरायचं तिनं पारावरून घरी येईपर्यंतच ठरवलं. पण ठरवणं सोपं होतं. घरी संडास असल्याचा, थकबाकी नसल्याचा दाखला ग्रामपंचायतीतून घ्यायचा, तर ग्रामसेवक जागेवर सापडेना. तिनं गिरणी बंद केली आणि पंचायतीच्या पायरीवर जाऊन बसली. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी दुपारी ग्रामसेवक आला आणि तिला पाहून फटफटी वळवू लागला, तर ही उठून चाकापुढं उभी राहिली.

"साहेब, दाखला द्या, न्हायतर देत न्हाय असं लिहून द्या. दोन्हीपैकी एक कागुद घेतल्याबिगर म्या हलत न्हाय."

दाखला मिळाला. राहिला सूचक. वॉर्डातल्या एका मतदाराची सही पाहिजे होती. ती भावकीत सात घरं फिरली. एकाची सही करायची बोटं दुखत होती, एकाचा चष्मा सापडत नव्हता. चुलत दिरानं तर तोंडावर सांगितलं, "वहिनी, आमाला गावात ऱ्हायाचंय."

शेवटी ती रस्ता ओलांडून बेगमबीच्या टपरीवर गेली. हे तिला जड गेलं. बेगमबीची चहा-भज्यांची टपरी गिरणीच्या बरोब्बर समोर, आणि अकरा वर्षं या दोघींचं भांडण होतं. वारं फिरलं की गिरणीचं पीठ उडून बेगमबीच्या तेलावर बसायचं. त्यावरून शिव्या झाल्या होत्या, भांडी आपटून झाली होती, आणि शेवटची तीन वर्षं बोलणंच बंद होतं.

"भाबी, फॉर्मवर अंगठा पाहिजे," कस्तुराबाई म्हणाली.

बेगमबीनं झाऱ्यातलं तेल निथळू दिलं. "सगळं गाव फिरून आलीस, मग माझी याद आली व्हय?"

"व्हय."

"तुझ्यासाठी न्हाय देत, ध्यानात ठेव. आमच्या गल्लीत धा वर्सं झाली नाली मागतोय. पारावर गेले तर अण्णाराव म्हन्ला, तुमच्या लोकांना घाणीची सवय असती." बेगमबीनं हात पुसला. "दे इकडं."

तिची सून युसरा बारावी शिकलेली. तिनं फॉर्मातला प्रत्येक रकाना दोनदा वाचून भरला, आणि सासूचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला.

छाननीच्या दिवशी तहसीलला रणधीर वकील घेऊन हजर. हरकत अशी की अंगठा बेगमबीचा नाही, कस्तुराबाईनं कुणाचा तरी उठवून आणलाय. अधिकाऱ्यानं सूचकाला बारापर्यंत हजर करायला सांगितलं. दहा वाजले होते. कस्तुराबाईनं युसराला फोन लावला. नेमकी त्या दिवशी गावातली एकही जीप तालुक्याला निघायला तयार नव्हती. कुणाचं डिझेल संपलेलं, कुणाचं चाक बसलेलं. बेगमबी भर उन्हात हायवेपर्यंत चालत गेली आणि मिळेल त्या एस.टी.त उभ्यानं आली. बाराला पाच कमी असताना ती अधिकाऱ्याच्या टेबलापुढं उभी राहिली आणि रणधीरकडं न बघता अंगठा पुढं केला.

"म्या दिलाय. आन पायजे तर आता फिरून देते. कुठं देऊ सांगा."

फॉर्म मंजूर झाला. आता उरली माघार. त्यासाठी तीन दिवस होते, शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत.

पहिल्या दिवशी भावकीतल्या म्हाताऱ्या येऊन रडून गेल्या. दुसऱ्या दिवशी तुळजापुरात दिलेल्या लेकीचा, सोनालीचा फोन आला, "आई, माझ्या सासऱ्यापस्तोर गेलेत हे लोक. घे की माघार." आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बब्रुवान आला. आल्या आल्या त्यानं चालू गिरणीचं बटण बंद केलं.

"चल. जीप आणलीया. सही करून येऊ."

"म्या न्हाय येत."

"अण्णांनी मला सगळ्यांदेखत इचारलं, बायको ऐकत न्हाय का रं तुझी? काय सांगू त्यास्नी?"

"सांगा, न्हाय ऐकत."

"पस्तीस-छत्तीस वर्सं त्यांचं मीठ खाल्लंय आपण."

"तुमी खाल्लंय," कस्तुराबाई म्हणाली. "म्या हितलं पीठ खाल्लंय. आन त्येच तोंडाला लागलं म्हणून तुमी हसला."

बब्रुवानला आठवावं लागलं. ते तिला दिसलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. इतक्या दिवसांत त्याच्या मनात ते एकदाही आलं नव्हतं.

"तेवढ्यावरनं?" तो म्हणाला.

तिनं पुन्हा बटण दाबलं. गिरणीच्या आवाजात तो आणखी काय बोलला ते तिला ऐकू आलं नाही, आणि ऐकायचंही नव्हतं. तीन वाजून गेले. संध्याकाळी बब्रुवाननं दोन सदरे, धोतर आणि पांघरूण पिशवीत भरलं आणि तो अण्णारावांच्या मळ्यावर राहायला गेला.

दुसऱ्या दिवसापासून गिरणीवर डबे यायचे थांबले. कुणी दवंडी दिली नव्हती. रणधीरनं आपल्या अंगणात घरगुती चक्की आणून बसवली होती आणि वॉर्ड तीनचं दळण फुकट सुरू केलं होतं. ते पीठ गरम निघायचं, भाकरी थापताना चिरायची. तरी माणसं तिथंच जायची. कस्तुराबाई रिकाम्या गिरणीच्या दारात बसून रस्त्यानं कोण डबा घेऊन चाललंय ते बघायची. एकेकाचं नाव मनात पक्कं करत होती. माफ करायचा तिचा विचार नव्हता.

अशीच बसली असताना तिनं ते पाहिलं. सकाळचे अकरा वाजले असतील. टपरीवर गिऱ्हाईक नव्हतं, बेगमबी मागं हंडा घासत होती. अण्णारावांचा ट्रॅक्टर ट्रॉली घेऊन स्टँडवर आला, वर बब्रुवान. त्यानं ट्रॉली मागं घेतली, आणि ती टपरीच्या पुढच्या खांबाला लागली. खांब वाकला, पत्रा खाली आला. बेगमबी ओरडत बाजूला पळाली. बब्रुवान ट्रॅक्टर चार हात पुढं घेऊन थांबला. त्यानं वळून बघितलं. मग पुन्हा मागं घेतला. या वेळी टपरी मुळापासून आडवी झाली. शेगडी, कढई, बरण्या, बाकडं, सगळं पत्र्याखाली गेलं.

माणसं जमली. बब्रुवान खाली उतरून म्हणाला, "ब्रेक लागला न्हाय." त्यानं रस्त्यापलीकडं बघितलं नाही.

कस्तुराबाई उठून बेगमबीकडं गेली आणि पत्रा उचलायला वाकली. बेगमबीनं तिचा हात झटकला.

"हात नक्को लावू! तुझ्याच नवऱ्यानं पाडलं!"

"म्या बघितलंय, भाबी."

"बघितलंस ना? मग हितं काय बोलतीस? चल, पोलिसांना सांग. हाय का हिंमत?"

अण्णारावांविरुद्ध उभं राहणं वेगळं होतं, नवऱ्याविरुद्ध सांगणं वेगळं. ती तशीच परत फिरली, गिरणीत गेली आणि दार आतून लावून बसली. नवऱ्याला तुरुंग दाखवणारी बाई म्हणून आयुष्यभर नाव निघेल, हे तिला कळत होतं. लेकीच्या सासरी काय होईल तेही कळत होतं. आणि तरीही डोळ्यांपुढून ते हलेना: पहिल्या धडकेनंतर त्यानं वळून बघितलं होतं. बेगमबी पत्र्याखाली आहे की नाही, हे त्याला ट्रॉलीआडून दिसत नव्हतं. तरी त्यानं गिअर टाकला.

अर्ध्या तासानं ती बाहेर आली. दार कुलूप लावून बंद केलं आणि बेगमबी न् युसराच्या मागोमाग एस.टी.त चढली.

ठाण्यात हवालदारानं विचारलं, "अपघात होता का?"

"पहिल्यांदा लागला तवा म्या बी तसंच म्हणले असते," कस्तुराबाईनं सांगितलं. "पर दोनदा मागं घेतला. ब्रेक लागत न्हाय तर माणूस थांबतो कसा, आन थांबून पुन्ना मागं येतो कसा?"

"ड्रायव्हर कोण?"

"बब्रुवान."

"तुमचे कोण?"

"मालक."

हवालदारानं लिहिता लिहिता मान वर करून तिच्याकडं एकदा बघितलं, आणि पुन्हा लिहू लागला.

त्यानंतर गाव तिच्यावर तुटून पडलं. भावकीतल्या बायका रस्त्यात तिला बघून थुंकायच्या. चुलत दिरानं दारात येऊन, हात नाचवून, "नवरा खाणारी," म्हणून घेतलं. गिरणीच्या दारावर कुणीतरी शेण फासलं; तिनं ते खरवडलं नाही, तसंच वाळू दिलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. अण्णारावांनी पोलिसांपुढं हात वर केले. ट्रॅक्टर माझा, पण ड्रायव्हर प्यायलेला होता, मी काय करू, असा जबाब दिला. बब्रुवाननं उभ्या जन्मात दारूला तोंड लावलं नव्हतं. हे गावालाही माहीत होतं. पण मालकाच्या शब्दापुढं तो काही बोलला नाही.

मतदानाला आठ दिवस राहिले तेव्हा वैष्णवी प्रचाराला आली. डोक्यावर पदर, मागं वीस-पंचवीस बायका. ती कस्तुराबाईच्याही दारात आली, हात जोडले.

"मावशी, आशीर्वाद द्या."

"ये की," कस्तुराबाई म्हणाली. "आशीर्वाद देते. आधी माझ्यासंगं चल." आणि तिनं वैष्णवीला मनगट धरून बेगमबीच्या गल्लीत नेलं. तिथं सगळ्या गल्लीचं सांडपाणी मधोमध साचून हिरवं झालं होतं, कडेनं दगड टाकून माणसं चालत होती. "आता सांग, हे पाणी कुठनं काढायचं? उताराची बाजू कंची?"

वैष्णवी गोंधळली. मागच्या बायकांकडं बघायला वळली आणि तिचा पाय घसरून घोट्यापर्यंत आत गेला. दारांतून बायका बघत होत्या. कुणी हसलं नाही. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलेलं कस्तुराबाईनं पाहिलं आणि तिला क्षणभर वाईट वाटलं, पण ती म्हणाली ते वेगळंच.

"धून घे पाय. नळाला पाणी आलं असलं तर देईल कुणीतरी."

मतदान एकाच जागेसाठी झालं, बाकीचे सगळे बिनविरोध आलेच होते. वॉर्डात चारशे एकतीस मतं पडली. बेगमबी सकाळी सातला पहिल्या रांगेत होती. बाहेर येऊन ती कस्तुराबाईला म्हणाली, "कुणाला दिलं ते इचारू नको. सांगणार न्हाय."

तालुक्याला मोजणी झाली. वैष्णवी एकशे शहाण्णव, कुणालाच नाही सोळा, कस्तुराबाई दोनशे एकोणीस. तेवीस मतांनी आली. मोजणीच्या हॉलबाहेर रणधीरची माणसं गुलालाची पोती घेऊन उभी होती. ती तशीच जीपमध्ये परत गेली. कस्तुराबाईजवळ फक्त युसरा होती. दोघींनी स्टँडवर उसाचा रस घेतला आणि एस.टी.ची वाट बघत बसल्या. आपल्याला कुणी मतं दिली हे कस्तुराबाईला कधीच नीट कळलं नाही. शेण बघून ज्यांनी तोंड फिरवलं, त्यांतल्याच काहींनी दिली असणार. त्याचा तिला आनंद झाला नाही. तोंडावर बोलायची हिंमत नाही आणि पडद्याआड तेवढी आहे, असल्या माणसांचा तिला राग यायचा, आणि आता तर ती त्यांच्याच जिवावर निवडून आली होती.

पहिल्या बैठकीत सदस्यांसाठी आठच खुर्च्या होत्या. ती गिरणीतलं लोखंडी स्टूल घेऊन गेली आणि रणधीरच्या समोर बसली. बेगमबीच्या गल्लीतल्या नालीचा विषय तिनं मांडला, आठ विरुद्ध एक असा तो पडला. "माझा इरोध लिवा," ती म्हणाली. ग्रामसेवक म्हणाला, तशी पद्धत नाही. तो लिहीपर्यंत ती बसून राहिली. पुढच्या महिन्यातही तसंच. चौथ्या महिन्यात नाली मंजूर झाली. तिच्यामुळं नव्हे, असं रणधीरनं मुद्दाम सगळ्यांना सांगितलं.

बब्रुवान निकालानंतर पाचव्या दिवशी परत आला. अण्णारावांनी ट्रॅक्टरवर दुसरा ड्रायव्हर घेतला होता. बब्रुवान पिशवी घेऊन ओसरीवर उभा राहिला.

"ऱ्हायचं असलं तर ऱ्हावा," कस्तुराबाई आतूनच म्हणाली. "घर तुमचंबी हाय. जेवाय वाढीन. पर साक्ष बदलणार न्हाय."

तो राहिला. तिनं वाढलं, त्यानं खाल्लं. बोलणं कामापुरतं.

कोर्टाची तारीख लागली तेव्हा गावातून तालुक्याला एकच एस.टी. होती. आरोपी आणि साक्षीदार तिच्यातच बसले. तो ड्रायव्हरच्या मागं, ती मधल्या दाराशी. पलीकडच्या बाकावर बेगमबी, हातात डबा. त्या दिवशी न्यायाधीश रजेवर होते. तिघं परत आली. दुसरी तारीखही तशीच गेली. तिसऱ्या तारखेला बब्रुवानचं नाव पुकारलं गेलं. त्याच्या शेजारी अण्णारावांनी दिलेला वकील उभा राहिला.

"गुन्हा कबूल आहे का?" न्यायाधीशांनी विचारलं.

वकिलानं आधीच पढवून ठेवलं होतं: कबूल नाही, एवढंच म्हणायचं. बब्रुवाननं टोपी काढून हातात घेतली.

"टपरी म्याच पाडली, साहेब. प्यालेलो नव्हतो. ब्रेक बी चांगला हुता." वकिलानं त्याची बाही ओढली. तो ओढू देत राहिला आणि बोलत राहिला. "अण्णारावांनी सांगितलं, पाड, म्हणून पाडली. एका धडकंत पडली न्हाय, म्हणून फिरून मारली. बाई पत्र्याखाली हाय का न्हाय ते म्या बघितलं न्हाय."

हॉलमध्ये कागदांची सळसळ झाली. न्यायाधीशांनी लेखनिकाला लिहून घ्यायला सांगितलं, आणि अण्णारावांना नोटीस काढायचं की नाही ते पुढच्या तारखेला बघू, असं म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात बेगमबी कस्तुराबाईला म्हणाली, "लई उशिरा सुचलं तुझ्या नवऱ्याला."

"व्हय," कस्तुराबाई म्हणाली. "लईच उशिरा."

बब्रुवान पायऱ्यांखाली एकटाच उभा होता. अण्णारावांचा वकील त्याच्याशी एक शब्दही न बोलता निघून गेला होता. कस्तुराबाई खाली उतरली, त्याच्या पुढून गेली आणि चार पावलांवर जाऊन थांबली.

"गाडी चारला हाय," ती पाठमोरीच म्हणाली. "चुकवू नका."

खटला अजून चालू आहे. अण्णारावांना नोटीस निघाली, आणि पुढच्या महिन्यातल्या तारखेला या तिघांच्या एस.टी.मागोमाग आपली जीप घेऊन तेही पहिल्यांदाच कोर्टात हजर झाले.